नट आवळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

घरातील बहुतेक वस्तू बिघडण्यापूर्वी आपल्याला हाक मारतात. पाण्याचा पंप घरघरू लागतो, पंखा कुरकुरतो, इस्त्रीच्या वायरीला जळका वास येतो, नळ ठिबकतो. मोटारसायकलच्या ब्रेकचे मात्र तसे नाही. तो झिजतो, पण रोज इतका थोडा की कालच्या आणि आजच्या ब्रेकमधील फरक पायाला कळत नाही. जे कळत नाही त्याला आपण सरावतो, आणि ज्याला सरावलो त्याला ‘ठीक आहे’ असे म्हणू लागतो. या महिन्याच्या सदराचा विषय हा न बोलणारा ब्रेक आहे. आणि तो निवडण्याचे कारण सांगताना मला थोडी स्वतःची फजिती सांगावी लागणार आहे.

आमच्या घरी हीरो होंडाची जुनी सीडी १०० गाडी आहे. १९८५ साली ही गाडी भारतात आली तेव्हा ‘पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा’ अशा अर्थाची तिची जाहिरात घरोघरी माहीत झाली होती. पेट्रोलच्या बाबतीत ते वचन गाडीने इमानाने पाळले. माझी चूक एवढीच की, जाहिरातीत केवळ पेट्रोलविषयी दिलेली विसरण्याची मुभा मी ब्रेकलाही लावली.

अर्थात, ‘विसरलो’ असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मला राग आला असता. ब्रेकचा पायटा सैल वाटला की मागच्या चाकापाशी जाऊन ब्रेकच्या सळईच्या टोकावरचा नट एक-दोन वेढे आवळावयाचा, हे काम मी वर्षानुवर्षे नेमाने करीत आलो आहे. त्याला दोन मिनिटे लागत, पाना हाती धरल्याचे समाधान मिळे, आणि पायटा पुन्हा पहिल्यासारखा घट्ट लागे. मिस्त्रीला फुकट पैसे दिले नाहीत, हा अभिमान वेगळाच.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा पुतण्या ही गाडी घेऊन आपल्या मुलीसह ओंकारेश्वरला निघाला. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांना सिमरोळच्या पुढचा भेरूघाट चांगला ठाऊक आहे. माळव्याचे पठार तेथे संपते आणि रस्ता वळणे घेत नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागतो. संध्याकाळी परत आल्यावर त्याने गाडी उभी केली, शिरस्त्राण काढले आणि शांतपणे म्हणाला, “काका, उतारावर पायटा पार तळाला जाऊन टेकला. गाडी काही थांबेना. मग दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पुढचा ब्रेक हळूहळू धरला, तेव्हा वेग आला आटोक्यात. तुम्ही म्हणाला होतात ना, ब्रेक पाहिलाय म्हणून?”

पोरीला त्यातले काही समजले नव्हते. ती घाटातल्या माकडांविषयी सांगत होती. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. ब्रेक ‘पाहिलाय’ असे मी म्हणालो होतो हे खरे. परंतु मी पाहिला होता तो नट. ब्रेक गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिलाच नव्हता.

ड्रमच्या आत काय चालते

ज्यांनी ड्रम ब्रेक कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये, एक ओतीव लोखंडाची पोकळ वाटी बसविलेली असते; तिला ड्रम म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. तिच्यावर झाकणासारखी बसणारी ब्रेक प्लेट मात्र फिरत नाही. या प्लेटवर अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ‘शू’ समोरासमोर बसविलेले असतात. त्यांची एका बाजूची टोके एका स्थिर खुंटीवर टेकलेली असतात आणि दुसऱ्या बाजूच्या टोकांच्या मध्ये कॅम असतो. पायटा दाबला की सळई कॅमचा हात ओढते, कॅम आडवा होतो आणि दोन्ही शूंना फाकवितो. शूच्या पाठीवर चिकटविलेला घर्षणाचा थर, ज्याला आपले मिस्त्री लायनर म्हणतात, तो ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतो आणि चाक मंदावते. पाय उचलला की दोन स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढतात.

ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्सच्या लुई रेनो यांनी १९०२ साली मोटारीसाठी आतून फाकणाऱ्या शूंचा ब्रेक पुढे आणला, आणि त्याच्याही आधी, १८९७ साली, इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकसाठी खास घर्षणाचे अस्तर बनविण्यास आरंभ केला होता. डार्बीशायरच्या चढउतारांवर गाडीवान लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली असे सांगतात. नंतर ज्या नावाने ती अस्तरे जगभर विकली गेली ते ‘फेरोडो’ हे नाव त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांतून तयार झाले.

या दोन शूंचे काम वरकरणी सारखे दिसले तरी ते सारखे नसते. चाक पुढे फिरत असताना ज्या शूचे कॅमकडील टोक फिरण्याच्या दिशेने आधी येते त्या शूला फिरता ड्रम स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो आणि तो अधिक जोराने दाबला जातो. दुसऱ्या शूला ड्रम उलट दूर लोटतो. म्हणून पहिला शू जास्त काम करतो आणि साहजिकच जास्त झिजतो. एकत्र कुटुंबात एक भाऊ राबतो आणि दुसऱ्याचे निभावून जाते, तसाच हा प्रकार. पूर्वीच्या बुलेटच्या पुढच्या चाकात दोन कॅम देऊन दोन्ही शू राबते केलेले असत. त्यामुळे तो ब्रेक पुढे जाताना उत्तम लागे. चढावर गाडी मागे घसरू लागली की मात्र तोच दुबळा पडे.

नट नेमके काय करतो

आता माझ्या नटाकडे येतो. लायनर झिजला की शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी कॅमला अधिक फिरावे लागते, म्हणजे पायटा अधिक खाली जातो. नट आवळल्याने सळई आखूड होते आणि कॅम आधीपासूनच थोडा फिरलेल्या स्थितीत राहतो. पायाला पुन्हा सारे ठीक वाटते. पण लायनर काही परत जाड होत नाही. नटाने झीज भरून निघत नाही. ती फक्त आपल्या पायापासून लपविली जाते.

पुढे याचा परिणाम दुहेरी होतो. एक तर कॅमचा हात पुढे पुढे कलत जातो. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना सळई आणि हात यांमध्ये साधारण काटकोन असावा, कारण तेथे पायाच्या जोराचा पुरेपूर उपयोग होतो. काटकोन ओलांडून हात पुढे झुकू लागला की तितकाच जोर लावून ब्रेक कमी लागतो. दुसरे असे की, लायनर फारच पातळ झाला तर कॅम जवळजवळ पूर्ण आडवा होतो. तेव्हा तो उलटून तेथेच अडकण्याची भीती असते. तसे झाल्यास पाय उचलला तरी चाक सुटत नाही. ब्रेक न लागणे जितके वाईट, तितकेच धावत्या गाडीचे चाक जाम होणे वाईट.

घाटाची गोष्ट यात भर घालते. पुतण्या, त्याची मुलगी आणि गाडी यांचे वजन सुमारे २१० किलो धरले आणि उतार केवळ २०० मीटर उंचीचा धरला, तरी त्या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते तिने सुमारे सव्वा लिटर थंड पाण्याला उकळी येईल. वाऱ्याचा विरोध आणि इंजिन यांतील काही वाटा उचलतात. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या पोटात शिरते. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून पाय सतत पायट्यावर टेकविला तर इंजिनचा वाटा नाहीसाच होतो, आणि त्या दिवशी पुतण्याने तेच केले होते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर सरतो, तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. जाड लायनर असता तर हे निभावले असते. माझ्या लायनरपाशी निभावून नेण्याजोगे काही शिल्लकच नव्हते.

म्हणून घाटाचा जुना नियम लक्षात ठेवावा: ज्या गिअरमध्ये आपण तो घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि ब्रेक सतत न दाबता थोडा धरून पुन्हा सोडावा.

उघडण्याचे काम

पुढच्या रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात आम्ही दोघे बसलो. पुतण्याच्या मुलीने विजेरी धरण्याचे काम मागून घेतले. ज्यांना हे काम स्वतः करावयाचे नसेल त्यांनीही पुढील भाग वाचावा, कारण मिस्त्री काम करीत असताना कोठे लक्ष ठेवावे हे त्यावरून कळेल.

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि चाक पूर्ण थंड होऊ द्यावे. प्रथम सळईवरचा नट काढावा. त्यामागची गोल खुंटी आणि स्प्रिंग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावी. मग ब्रेक प्लेटला गोल फिरू न देणारी जी लोखंडी पट्टी असते, तिला टॉर्क आर्म म्हणतात, तिच्या नटातील स्प्लिट पिन पकडीने सरळ करून काढावी आणि नट सोडवावा. या पट्टीला कमी लेखू नये. ब्रेक लागतो तेव्हा ड्रम आपल्याबरोबर प्लेटलाही फिरवू पाहतो; तो सारा झटका ही पट्टी एकटी सोसते.

त्यानंतर आसाचा मोठा नट काढून आस हलक्या हाताने ठोकत बाहेर घ्यावा. ठोकताना आटे खराब होऊ नयेत म्हणून मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. बाजूची नळी खाली पडेल, ती कोणत्या बाजूची हे ध्यानात ठेवावे. आमच्या गाडीची सोय अशी की, साखळी आणि मागचे दातेरी चक्र जागेवरच राहते आणि चाक त्यापासून अलगद बाजूला सरकते. साखळी तोडावी लागत नाही. चाक बाहेर आले की ब्रेक प्लेट हाताने उचलून घेता येते.

येथे थांबावे. ड्रममध्ये काळसर, बारीक भुकटी साचलेली दिसेल. पुष्कळ ठिकाणी ती तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकून उडवितात. असे कदापि करू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो, आणि हा रोग अनेक वर्षांनी, दशकांनीही, डोके वर काढतो. नाकातोंडावर मास्क बांधून ओल्या फडक्याने भुकटी टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे. आम्ही नेमके या वेळी विजेरीवालीला ओसरीवर पाठविले.

प्लेट उलटी केली तेव्हा माझी वर्षांची ‘देखभाल’ उजेडात आली. राबणाऱ्या शूच्या एका टोकाचा लायनर संपून धातू उघडा पडला होता आणि ड्रमवर नखाला लागतील असे चरे उमटले होते. दुसऱ्या शूवर जेमतेम दीड मिलिमीटर लायनर होता, तोही काचेसारखा गुळगुळीत. सर्वसाधारणपणे लायनर २ मि.मी.पर्यंत आला की शू बदलावे असा दंडक आहे. पुतण्या काही बोलला नाही. त्याने शू माझ्या हातात दिला, एवढेच. बोलला असता तर बरे वाटले असते.

मोजणे आणि बसविणे

शू बदलण्यापूर्वी ड्रम तपासणे आवश्यक असते. पुष्कळ गाड्यांच्या हबवर ड्रमचा कमाल आतला व्यास ओतीव आकड्यांत लिहिलेला असतो. तो बहुधा मूळ मापाहून सुमारे १ मि.मी. जास्त असतो. व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन दिशांनी माप घ्यावे. दोन दिशांची मापे जुळत नसतील तर ड्रम लंबगोल झाला आहे असे समजावे. अशा ड्रममध्ये ब्रेक लावताना पायाला धक्के जाणवतात. माप मर्यादेबाहेर गेले असेल किंवा तडा दिसला तर नवे शू घालून उपयोग नाही, हबच बदलावा लागतो. आमचा ड्रम मर्यादेत होता. चरे उथळ होते. एमरी पेपर ओलसर करून आतून फिरविला आणि पुसून घेतला.

जुने शू काढण्याची युक्ती अशी की, दोन्ही शू मधून धरून पुस्तक मिटावे तसे वर दुमडावेत, म्हणजे स्प्रिंगांचा ताण कमी होऊन ते एकत्र सुटतात. स्प्रिंग उडून डोळ्याला लागू शकते, म्हणून चष्मा लावावा. नवे शूही याच रीतीने, आधी स्प्रिंगा अडकवून आणि पुस्तकासारखे उघडत दाबून बसवावेत. स्प्रिंगांचे वेढे मोकळे झाले असतील तर त्याही नव्या घालाव्यात. सैल स्प्रिंग शूला ड्रमपासून दूर ठेवू शकत नाही, आणि मग ब्रेक न लावताही चाक तापते.

मध्यंतरी कॅम काढून साफ करावा. त्याच्या हातावर आणि दांड्यावर एकमेकांसमोर ठिपके असतात, ते पुन्हा तसेच जुळले पाहिजेत. हात एखादा दाता पुढे-मागे बसवून ‘अजून थोडे दिवस’ काढणारे लोक आहेत. तो नट आवळण्याचाच थोरला भाऊ समजावा. कॅमच्या दांड्याला आणि खुंटीला उष्णता सोसणारे ग्रीस बोटाच्या टोकावर येईल इतकेच लावावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. ग्रीसचा एक थेंब लायनरवर गेला तर नवा शूही निकामी होतो. म्हणूनच नवे शू हाताळताना हात कोरडे आणि स्वच्छ असावेत.

शू विकत घेताना गाडीच्या नावावर समाधान मानू नये. जुना शू बरोबर न्यावा, शेजारी ठेवून आकार, रुंदी आणि कॅमकडील टोक जुळते का ते पाहावे, आणि वेष्टनावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे लिहिलेले असल्याची खात्री करावी. दुकानात बराच काळ पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. शूंच्या जोडीचा खर्च चार माणसांच्या एका वेळच्या हॉटेलातील जेवणाहून कमीच असतो. ही तुलना मला त्या रविवारी सुचली, आणि ती सुखद नव्हती.

चाक बसविताना एक बारकावा पुष्कळ जण विसरतात. आसाचा नट शेवटचा घट्ट करण्यापूर्वी दुसऱ्याला पायटा दाबून धरावयास सांगावे. शू ड्रमला टेकले की ब्रेक प्लेट आपोआप मधोमध येते. मग नट आवळावा. यामुळे दोन्ही शू सारखे लागतात. साखळीच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत हे पाहावे. टॉर्क आर्मचा नट घट्ट करून त्यात नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी वाकलेली पिन पुन्हा वापरणे ही दोन रुपयांची बचत आहे. ती तुटली आणि नट निघाला तर ब्रेक लावताक्षणी प्लेट गरकन फिरेल, सळई वाकेल आणि चाक अडकेल.

सर्वांत शेवटी तो प्रसिद्ध नट. नटाचे खरे काम आता सुरू होते. पायटा ब्रेक लागण्यापूर्वी साधारण २० ते ३० मि.मी. मोकळा खाली जावा आणि हाताने फिरविलेले चाक कोठेही न घासता फिरावे, इतकाच तो आवळावा. पायटा दाबल्यावर मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का, हेही पाहून घ्यावे.

नव्या शूंचा पृष्ठभाग ड्रमशी एकदम जुळत नाही. पहिले काही दिवस ब्रेक थोडा मऊ लागतो, याची जाणीव ठेवून गाडी हळू चालवावी. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा सावकाश थांबून पाहावे, मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा. घाट, गर्दी आणि मागे बसणारे माणूस या तिन्ही गोष्टी तोवर टाळाव्यात. काही दिवसांनी पायटा थोडा सैल झाला तर नट अवश्य आवळावा. शू जागेवर बसल्याचे ते लक्षण असते.

आपण कशाची नोंद ठेवतो

हा मजकूर वाचून प्रत्येकाने पाने घेऊन चौकात बसावे असा माझा आग्रह नाही. हात बसलेला नसेल तर हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. आग्रह एवढाच की, वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ड्रम उघडून आत डोळ्यांनी पाहिले जावे. मधल्या काळासाठी पुष्कळ गाड्यांवर कॅमच्या हातापाशी बाण असतो आणि प्लेटवर एक खूण असते. पायटा पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत आला तर शू संपले असे समजावे. माझ्या गाडीवरही ती खूण होती. चिखलाच्या थराखाली ती केव्हापासून झाकली गेली होती हे मी सांगू शकत नाही, कारण नट आवळताना मी तिच्यापासून वीतभर अंतरावर बसत असूनही तिकडे कधी पाहिले नाही.

पुढच्या ब्रेकचेही असेच. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढचे चाक करू शकते. आपल्यापैकी पुष्कळांना मात्र पुढच्या ब्रेकची लहानपणापासून भीती घातलेली असते, आणि सारा भार मागच्या शूंवर पडतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांचे ब्रेक लागण्याची जोडयोजना किंवा चाक जाम होऊ न देणारी एबीएस यांपैकी एक बंधनकारक झाली. आपल्या जुन्या गाड्यांत तसे काही नाही. तेथे ती जोडणी चालविणाऱ्याच्या हातापायांनीच करावयाची असते.

त्या रविवारनंतर गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात मी एक लहानशी वही ठेवली आहे. नट कधी आवळला, किती वेढे, तेव्हा किलोमीटरचा काटा किती होता, एवढेच तिच्यात लिहितो. वेढ्यांची बेरीज वाढू लागली की ती बेरीजच मला सांगेल की आता पाना नको, शू हवेत. न बोलणाऱ्या वस्तूला बोलते करण्याचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख, काट्यावरचा आकडा आणि ‘मागचे शू नवे’ एवढे मी लिहिले. खाली पुतण्याच्या मुलीने आपल्या अक्षरात एक ओळ वाढविली: ‘विजेरी मी धरली होती.’ दिवाळीनंतर ती पुन्हा ओंकारेश्वरला जाऊन आली. निघण्यापूर्वी पुतण्याने विचारले, “काका, ब्रेक पाहिलाय?” मी उत्तर दिले नाही, वही त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, चाकापाशी उकिडवा बसला, पायटा हाताने दाबून बाण कोठवर येतो ते स्वतः पाहिले, आणि मगच गाडी सुरू केली. मला त्याचे वाईट वाटले नाही. मला हेच हवे होते.